एम्बेडेड सिस्टिम्सची लॅब कशी घ्यावी: पूर्ण सत्रभर एकच उपकरण

तिसऱ्या वर्षाच्या ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन अभियांत्रिकी) एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे उपकरणात बसवलेले छोटे संगणक, हा विषय असतो. त्याच्या बहुतेक लॅब मॅन्युअलमध्ये प्रॅक्टिकलची यादी जवळपास सारखीच असते: एलईडी लुकलुकवणे, सेव्हन सेगमेंट, एलसीडीवर नाव, कीपॅड, स्टेपर मोटर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), सिरीयल पोर्ट. आठवड्याला दोन तास, एका बॅचला वीसेक मुलं, मॅन्युअलमधला कोड टाइप करायचा, आउटपुट आलं की जर्नलवर सही घ्यायची. पुढच्या आठवड्यात आधीची जोडणी सोडून नवी सुरू. सत्र संपतं तेव्हा मुलांनी दहा गोष्टी चालवलेल्या असतात, पण एकही गोष्ट स्वतः ठरवलेली नसते. हा रेझिस्टर इतकाच का? वायर तुटली तर उपकरण काय करेल? वीज जाऊन परत आली तर? डिझाइन म्हणजे या प्रश्नांची उत्तरं, आणि ती यादीतल्या कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये मागितली जात नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की पूर्ण सत्रभर एकच उपकरण घ्यावं. दर आठवड्याच्या प्रॅक्टिकलने त्यात एक भाग वाढवावा आणि प्रत्येक भागाचा निर्णय मुलांनी मोजमापाच्या आधारावर घ्यावा. विद्यापीठाच्या यादीतले जवळपास सगळे विषय त्यात येतात. राहिलेले एकदोन वेगळे करून घेता येतात.

उपकरण कोणतं

मी पाण्याच्या टाकीचा नियंत्रक सुचवेन. खाली हौद किंवा बोअर, गच्चीवर टाकी, मधे मोटर. मुलांच्या घरी, हॉस्टेलवर, सोसायटीत हे रोज घडत असतं, त्यामुळे उपकरणाने काय करायला हवं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. विषय साधा दिसतो, पण सेन्सर, लांब केबल, मोटर, वीज जाणं-येणं आणि वर्षानुवर्षं न थांबता चालणं हे सगळं त्यात आहे. रोबोट जास्त आकर्षक वाटतो हे खरं. पण रोबोट पाच मिनिटं चालला तरी पुरतं, नियंत्रकाला मात्र कुणी बघत नसतानाही नीट वागावं लागतं.

पहिल्या आठवड्यात संगणक उघडूच देऊ नका. चार-चार मुलांचे गट करा आणि एकेक पान लिहून घ्या: उपकरण काय करेल, आकड्यांसह. ‘टाकी भरली की मोटर बंद’ हे वाक्य पुरेसं नाही. पाणी वरच्या पातळीला लागल्यावर किती सेकंदांत बंद? लाटांमुळे सेन्सर क्षणभर ओला आणि क्षणभर कोरडा झाला तर? मोटर जास्तीत जास्त किती मिनिटं चालू द्यायची? वीज परत येताच मोटर लगेच सुरू व्हावी की थोडं थांबून?

याच दिवशी विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर उपकरणाला काय दिसेल? टाकीत दोन धातूच्या पट्ट्या सोडून पाण्यातून प्रवाह जातो का बघायचं ठरवलं, तर तुटलेली वायर आणि रिकामी टाकी सारखीच दिसते. म्हणजे वायर तुटली की मोटर चालूच राहणार आणि टाकी वाहत राहणार. हे मुलांच्या लक्षात येतं त्या क्षणापासून वर्गातली चर्चा कोडवरून डिझाइनकडे वळते. उत्तर लगेच देऊ नका. ते सहाव्या आठवड्यात मोजमापातून निघतं.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा आणि कधीही मोडू देऊ नका: विद्यार्थ्यांच्या टेबलवर २३० व्होल्ट येणार नाहीत. मोटरच्या जागी १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप, टाकीच्या जागी बादली. शिकायचं ते सगळं त्यावर शिकता येतं.

बोर्ड आणि साधनं

८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) अभ्यासक्रमात असेल तर एक-दोन आठवडे ठेवा, त्याचा चांगला उपयोग आहे. मुख्य काम मात्र अशा बोर्डवर व्हावं ज्याच्यावरच डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन, बसवलेला आहे. न्यूक्लिओ एफ४०१आरई हा त्यातला भरवशाचा. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, कमाल ८४ मेगाहर्ट्झ, आणि एसटी-लिंक हा डीबगर बोर्डवरच. एका यूएसबी केबलवर प्रोग्राम थांबवता येतो, रजिस्टर (चिपचा प्रत्येक भाग कसा वागेल हे ठरवणाऱ्या आतल्या जागा) उघडून बघता येतात. ब्ल्यू पिल हा दुसरा बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्याला वेगळा एसटी-लिंक लागतो आणि बाजारात त्याच्यावर नकली चिप बसवलेल्या पाट्याही फिरतात. वीस मुलांच्या बॅचमध्ये अशा पाट्यांवर जाणारा वेळ परवडत नाही. आर्डुइनो उनोचं महत्त्व मला मान्य आहे. पण त्याच्या नेहमीच्या आर३ आवृत्तीत यूएसबी केबलवरून प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते बघता येत नाही, आणि आत बघता येणं हाच या लॅबचा पाया आहे.

दोन मुलांमागे एक बोर्ड हे प्रमाण मोडू नका. चौघांत एक बोर्ड दिला की दोघं बघेच राहतात.

मोजण्याच्या साधनांवर पैसे खर्च करायला मन मोठं करावं लागतं. प्रत्येक टेबलला मल्टिमीटर हवाच. त्याबरोबर २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अॅनालायझर घ्या. कोणत्या पायावर सिग्नल कधी वर-खाली झाला हे तो दाखवतो, स्वस्तात मिळतो आणि पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरबरोबर चालतो. ऑसिलोस्कोप तीन टेबलांत एक असला तरी भागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळतात. शक्य असेल तर मुलांना एकदा तिथे न्या. दुकानदाराला ‘बीसी५४७ ट्रान्झिस्टर द्या’ म्हणणं आणि हातात आलेल्या भागाच्या पायांचा क्रम डेटाशीटवरून पडताळणं हेही प्रॅक्टिकलच आहे.

दुसरा-तिसरा आठवडा: एक एलईडी, पण रजिस्टरपासून

न्यूक्लिओवरचा एलईडी पीए५ या पायावर आहे. लायब्ररीचं तयार फंक्शन न वापरता तो पेटवायचा. रेफरन्स मॅन्युअलमधलं पान मुलांनीच शोधावं. बहुतेक गट मोड रजिस्टरमध्ये (पाय इनपुट की आउटपुट हे तिथे ठरतं) लिहितात आणि काहीच होत नाही, कारण पोर्ट ए चा, म्हणजे पीए पायांच्या गटाचा, क्लॉक सुरूच केलेला नसतो. शिक्षकाने इथे धीर धरावा. डीबगर उघडून मोड रजिस्टरमध्ये लिहिलेली किंमत खरोखर उतरली का, एवढंच बघायला सांगावं. ती उतरलेली नाही हे स्वतः पाहिलेलं मूल क्लॉक पुन्हा विसरत नाही.

दुसरा हमखास खड्डा म्हणजे पूर्ण मोड रजिस्टरवर थेट ‘=’ या चिन्हाने किंमत लिहिणं, ज्याने बाकीच्या पायांची मांडणीही पुसली जाते. पीए१३ आणि पीए१४ हे पाय डीबगरचे असतात. ते सामान्य पाय झाले की डीबगरचा संपर्क तुटतो. बोर्ड जळला असं वाटून मुलं घाबरतात. रीसेट धरून जोडणी केली की तो परत येतो. ही रीत पहिल्याच वेळी सगळ्यांना दाखवून ठेवा, नाहीतर चांगले बोर्ड ‘खराब’च्या खोक्यात जातात.

मग वेळ मोजायचा. एक रिकामा लूप लिहून पाय वर-खाली करा आणि लॉजिक अॅनालायझरवर बघा. मुलं ८४ मेगाहर्ट्झ धरून हिशेब करतात आणि प्रत्यक्षात पल्स पाचपटीहून जास्त लांब येते, कारण रीसेटनंतर चिप आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालते. पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारा आतला भाग) लावल्याशिवाय ८४ मिळत नाही. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा आकडा आणि समोरच्या बोर्डवरचा आकडा वेगळा असू शकतो हे इथे ठसतं.

बटण, टाइमर आणि व्होलाटाइल

नियंत्रकाला हाताने मोटर सुरू करायचं बटण लागतंच. ते दाबताना अॅनालायझरवर पकडा. एका दाबण्यात सिग्नल काही मिलिसेकंद नाचताना दिसतो. प्रत्येक गटाने दहा-बारा वेळा दाबून सर्वांत जास्त वेळ वहीत लिहावा आणि त्यावरून थांबण्याचा काळ ठरवावा. सगळ्यांच्या कोडमध्ये २० मिलिसेकंद असतात, कारण ते कुठेतरी वाचलेले असतात. एखाद्या गटाने स्वस्त बटण मोजून ८ लिहिले तर त्याला मी जास्त गुण देईन.

सिसटिक टाइमर १ मिलिसेकंदाला लावण्यासाठी १६ मेगाहर्ट्झवर १५९९९ ही किंमत लागते. ती १६००० का नाही, हे तोंडी विचारा. मग एक चल (व्हेरिएबल) इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, बदला आणि मुख्य लूपमध्ये त्याची वाट बघा. ऑप्टिमायझेशन बंद असताना कोड चालतो, ओ२ पातळीला अडकतो. डिसअसेंब्ली उघडली की दिसतं, कंपायलरने ते चल एकदाच वाचून पुढे मेमरीकडे बघणंच सोडलंय. चल दर वेळी मेमरीतूनच वाच असं कंपायलरला सांगणाऱ्या व्होलाटाइल या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे अर्धं पान असेंब्ली वाचून घेणं कितीतरी उपयोगाचं आहे.

८०५१ चा एक दिवस इथे घ्या. त्याच्या क्लासिक किटमध्ये ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. तो काढून १२ चा लावायचा आणि ९६०० बॉडचा (सिरीयल पोर्टच्या वेगाचा) हिशेब करायला सांगायचा. ११.०५९२ ला टीएच१ या टाइमर रजिस्टरमध्ये हेक्स एफडी टाकला की नेमके ९६०० येतात. १२ मेगाहर्ट्झला त्याच किमतीवर साधारण १०४१७ येतात, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि टर्मिनलवर कचरा दिसतो. विचित्र वाटणारा तो आकडा का निवडला गेला, याचं उत्तर मुलांच्या स्वतःच्या कागदावर तयार होतं.

सेन्सर: इथे घाई करू नका

या भागाला किमान दोन आठवडे द्या, तीन मिळाले तर उत्तम. मुलांना नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी बाटलीत आणायला सांगा. स्टीलच्या दोन पट्ट्या ठरावीक अंतरावर बुडवून मल्टिमीटरने रोध मोजा. आकडा स्थिर राहत नाही, सरकत जातो. मुलं मीटरला दोष देतात. खरं कारण असं, की मीटर डीसी प्रवाह सोडतो आणि पट्ट्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होते. हीच क्रिया टाकीत महिनोन्‌महिने चालली तर पट्टी झिजते. म्हणजे सेन्सरला सतत व्होल्टेज देणं चूक. वाचायच्या क्षणापुरतंच द्यावं, आणि दर वेळी दिशा उलटावी.

त्यासाठी जोडणी अशी करा. मायक्रोकंट्रोलरच्या एका पायापासून १०० किलोओहम, पुढे एडीसीचा बिंदू, तिथून केबल पट्टीकडे. सामाईक पट्टी दुसऱ्या पायाला. पहिला पाय वर आणि दुसरा खाली करून वाचा, मग उलट करून वाचा. उलट्या वेळी आकडाही उलटा येतो, तो ४०९५ मधून वजा करायचा. वाचन झालं की दोन्ही पाय खाली. तळाची आणि वरची अशा दोन पट्ट्या असतील तर एक वाचताना दुसरीचे पाय इनपुटवर ठेवावे लागतात, नाहीतर तिच्यातून प्रवाह पळतो आणि वाचन बिघडतं.

आता पहिल्या आठवड्यातला उंदीर परत आणा. टाकीच्या टोकाला, पट्टी आणि सामाईक पट्टी यांच्या मधे, आणखी एक १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. टाकी कोरडी असताना व्होल्टेज निम्मं, म्हणजे १२ बिटांच्या एडीसीवर २०४८ च्या आसपास. पाण्याचा रोध १० किलोओहम धरला तर आकडा ३४० च्या जवळ. वायर तुटली तर थेट ४०९५ जवळ, आणि वायर शॉर्ट झाली तर शून्याजवळ. काही पैशांच्या एका रेझिस्टरने चार अवस्था वेगळ्या ओळखता येतात. उंबरठे कुठे ठेवायचे ते तीनही पाण्यांच्या वाचनावरून गटाने ठरवायचं आणि वहीत कारण लिहायचं. आरओच्या पाण्याचा रोध खूप जास्त असल्याने ते कोरड्याच्या जवळ जातं. तिथे ‘आमचं उपकरण आरओच्या पाण्याला चालणार नाही’ असं लिहिणारा गटही बरोबरच आहे. मर्यादा स्पष्ट लिहिणं हा डिझाइनचाच भाग.

मग केबल. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत ३० मीटर धरा. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड घेतली तर एकूण ३ नॅनोफॅरड. १०० किलोओहमबरोबर टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज चढायला लागणाऱ्या काळाचं माप) ३०० मायक्रोसेकंद. पाय वर केल्यावर लगेच वाचलं तर आकडा चुकतो, पाच टाइम कॉन्स्टंट म्हणजे दीड मिलिसेकंद थांबावं लागतं. दुसऱ्या वर्षी नेटवर्क थिअरीत शिकलेला आरसी सर्किट इथे पहिल्यांदा कामाला येतो. ३० मीटरचं केबलचं भेंडोळं लॅबमध्ये ठेवा आणि स्कोपवर तो चढ दाखवा. एडीसीचा सॅम्पलिंग काळही ३ सायकल आणि ४८० सायकल अशा दोन्ही ठिकाणी ठेवून वाचनांची तुलना करायला सांगा, कारण एवढ्या मोठ्या रोधातून आतला कपॅसिटर भरायला वेळ लागतो.

रिले

पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच म्हणजे रिले. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओहमच्या आसपास, म्हणजे प्रवाह ३० मिलिअँपियर. मायक्रोकंट्रोलरचा पाय ना १२ व्होल्ट देऊ शकतो, ना इतका प्रवाह. बीसी५४७ लावा. बेसला ३ मिलिअँपियर द्यायचे तर ३.३ मधून ०.७ वजा करून २.६ व्होल्ट उरतात, भागाकार सुमारे ८७० ओहम, जवळचा प्रमाण रेझिस्टर ८२०. हा हिशेब प्रत्येकाच्या वहीत हवा.

कॉइल बंद होताना उठणारी व्होल्टेजची उसळी जिरवायला तिच्यावर डायोड लावतात. तो काढला तर काय होतं हे शिक्षकाने स्वतः, जादा ट्रान्झिस्टर लावून आणि दहापटीच्या प्रोबने स्कोपवर दाखवावं. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट. उसळी तिथपर्यंत जाते हे डोळ्यांनी बघितल्यावर डायोड कुणी विसरत नाही.

आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येक मॅन्युअलमधून सुटलेली असते. रीसेटच्या काळात मायक्रोकंट्रोलरचा पाय इनपुट असतो, म्हणजे कुठेच बांधलेला नसतो. तेव्हा मोटर बंदच राहावी यासाठी ट्रान्झिस्टरच्या बेसपासून जमिनीला (ग्राउंडला) १० किलोओहम लावा. वीज येताना काय होतं हा पहिल्या दिवशीचा प्रश्न कोडच्या आधी या रेझिस्टरने सुटतो.

अवस्था, वेळ आणि वॉचडॉग

कोड लिहायच्या आधी अवस्थांचं चित्र कागदावर: थांबलेलं, भरत असलेलं, कोरडं चालल्यामुळे बंद, वायरदोष. प्रत्येक बाणावर अट. ज्या गटाचं चित्र पूर्ण आहे त्यांचा कोड तासाभरात होतो.

वेळेची तुलना हा इथला कळीचा प्रयोग. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ता’ ही वेळ ‘सुरुवात अधिक मुदत’ पेक्षा मोठी आहे का, अशी तुलना त्या क्षणी चुकते. ‘आत्ता वजा सुरुवात’ ही अनसाइन्ड वजाबाकी मुदतीशी ताडली तर चुकत नाही. पन्नास दिवस थांबायची गरज नाही. काउंटर कमाल किमतीच्या दहा सेकंद आधीपासून सुरू करा आणि दोन्ही कोड शेजारी शेजारी चालवा. याच तासाला पॅट्रियट या अमेरिकी यंत्रणेची गोष्ट सांगावी. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांत पूर्ण बसत नसल्याने साचत गेलेली चूक ०.३४ सेकंदांवर पोहोचली होती. स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. बिटांचा हिशेब फळ्यावर करून घ्या, तो दहा मिनिटांत होतो.

वॉचडॉग म्हणजे वेळेवर ताजा केला नाही तर चिप रीसेट करणारा टाइमर. तो लावताना मुलं त्याला टाइमर इंटरप्टमधून ताजा करतात. मग मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग कधीच रीसेट देत नाही. मुद्दाम अनंत लूप टाकून हे तपासायला लावा.

आरटीओएस (अनेक कामं वेळेचं बंधन पाळून चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) मी या सत्रात शेवटच्या एका आठवड्यापुरताच ठेवेन. दोन टास्क, एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप), आणि १९९७ च्या मार्स पाथफाइंडरचं उदाहरण, ज्यात प्रायॉरिटी इन्व्हर्जनमुळे (कमी महत्त्वाच्या टास्कमुळे महत्त्वाचं टास्क अडून राहिल्याने) यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं आणि म्यूटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्स सुरू करून पृथ्वीवरून ते दुरुस्त झालं. त्याहून जास्त शिकवायचं तर वेगळा विषय हवा.

दोष शोधण्याचे दोन आठवडे

आता शिक्षकाने गटांच्या चालू उपकरणांत दोष पेरावेत आणि मुलांनी ते शोधावेत. सिरीयलचे टीएक्स (पाठवणारा) आणि आरएक्स (घेणारा) हे पाय उलटे. दोन पुरवठ्यांची जमीन वेगळी. मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट व्हावा म्हणून काढून घेतलेला कपॅसिटर. आयस्क्वेअरसी या दोन वायरींच्या सामाईक बसवर डीएस३२३१ घड्याळ असेल तर मोटरची थरथर मोजायला एमपीयू६०५० हा सेन्सर जोडून द्या. दोघांचाही पत्ता हेक्स ६८, त्यामुळे बस गोंधळते. एमपीयूचा एडी० पाय वर केला की पत्ता ६९ होतो. पण हे त्यांना पल्सव्ह्यूवर दिसलं पाहिजे.

नियम असा: वायरला हात लावण्याआधी अंदाज लिहायचा, मग कोणतं मोजमाप तो अंदाज खोडेल ते लिहायचं, मगच प्रोब लावायचा. सगळ्या वायरी उपसून पुन्हा जोडणाऱ्या गटाला उपकरण चालू झालं तरी गुण नाहीत.

गुण कशाला

कोड आता मोबाइलवरच्या एआयकडून मिनिटात मिळतो, त्यामुळे नुसत्या चालणाऱ्या कोडला गुण देण्यात अर्थ उरलेला नाही. सत्राअखेरची तोंडी परीक्षा टेबलवर घ्या. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या उपकरणात एक दोष आणि पंधरा मिनिटं. एक्सटर्नल परीक्षकांना हे आधी समजावून सांगावं लागतं, पण एकदा पाहिल्यावर बहुतेकांना ते पटतं.

टर्मवर्कची फाइल लागतेच. तिच्यात छापील थिअरीऐवजी मोजलेले तक्ते, अॅनालायझरची चित्रं आणि प्रत्येक निर्णयामागचं एक वाक्य ठेवा. एनबीए (अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था) मागते त्या सीओ-पीओ तक्त्यात, म्हणजे विषयाची आणि पदवीची उद्दिष्टं जोडणाऱ्या तक्त्यात, डिझाइन, तपास आणि साधनांचा वापर या रकान्यांना याहून चांगला पुरावा मिळत नाही.

कॉलेजकडे लॅबच नसेल तर आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाकडे बघावं. कॉलेजांमध्ये अशा लॅब उभारायला आणि शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला तो मदत करतो. आणि सुरुवात पूर्ण बॅचने होत नसेल, तर एका सत्रात दोन टेबलांवर हा नियंत्रक करून घ्या आणि बाकीची बॅच जुन्या यादीवर चालू द्या. पुढच्या सत्रात त्या दोन टेबलांवरच्या मुलांना लॅबमध्ये मदतीला बोलवा. कुठे अडतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.